वित्तक्षेत्रात नोकरी बदलताना महाविद्यालयीन गुणांचे महत्त्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली नोकरी मिळाल्यानंतर कॉलेजचे गुण कोणी विचारते का?

विचारतात, पण अनुभव वाढत जातो तसे विचारणारे कमी होतात आणि विचारण्याचा हेतूही बदलतो. फ्रेशरची निवड करताना त्याच्या तीन-चार वर्षांच्या कष्टांची सलग नोंद असलेला एकच कागद हाती असतो, तो म्हणजे गुणपत्रिका. म्हणून कॅम्पस भरतीत गुणांना एवढे वजन मिळते. दोन-तीन वर्षे काम केलेल्या उमेदवाराच्या बाबतीत मात्र त्याने कोणते व्यवहार हाताळले, कोणती आर्थिक मॉडेल्स (कंपनीच्या पुढच्या आकड्यांचा अंदाज मांडणारी गणिते) बांधली, त्याच्या कामावर कोणी विसंबून निर्णय घेतला, या गोष्टी तपासता येतात, आणि गुणपत्रिका आपोआप मागच्या पानावर जाते. साधारणपणे दुसऱ्या नोकरीच्या वेळी गुण हा अनेक निकषांपैकी एक असतो आणि पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर बहुतेक ठिकाणी तो निकषच उरत नाही. ही घसरण सगळ्या शाखांत सारखी नसते. ‘अनुभव आला की गुण कोणी पाहत नाही’ हे सरसकट विधान ऐकून चुकीच्या ठिकाणी अर्ज करत राहणाऱ्यांचे फार नुकसान होते, म्हणून पुढील उत्तर सविस्तर दिले आहे.

वित्तक्षेत्राच्या कोणत्या शाखांत गुणांचे महत्त्व टिकून राहते?

सर्वांत जास्त काळ ते प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्याने विकणाऱ्या फंडांत, टिकते. मोठ्या फंडांची कनिष्ठ पदांवरील भरती बहुतांशी हेडहंटर (उमेदवार शोधून देणाऱ्या) कंपन्यांमार्फत होते आणि ती गुंतवणूक बँकेत (कंपन्यांना खरेदी-विक्रीत व भांडवल उभारणीत सल्ला देणाऱ्या संस्थेत) ॲनालिस्ट या कनिष्ठ पदावर रुजू झाल्यावर फार लवकर, अमेरिकेत तर कधी कधी काही महिन्यांतच, सुरू होते. त्या वेळी उमेदवाराने असा एकही व्यवहार, म्हणजे डील, पूर्ण केलेली नसते. त्यामुळे कागदोपत्री तो दुसरी नोकरी शोधत असला तरी त्याच्याकडे पुरावा फ्रेशरइतकाच असतो. साहजिकच हेडहंटरच्या फॉर्ममध्ये सीजीपीए (सर्व सत्रांची सरासरी श्रेणी), आणि काही वेळा कॉलेज प्रवेशपरीक्षेचे गुणसुद्धा, विचारले जातात. ज्याचे गुण कमी आहेत त्याने या घाईच्या भरतीत शक्ती खर्च करण्यापेक्षा दोन-तीन डील पूर्ण होऊ द्याव्यात आणि मग मध्यम आकाराच्या फंडांकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते फंड गरज पडेल तेव्हा माणूस घेतात आणि डीलबद्दलच जास्त विचारतात.

क्वांट फंड (गणिती सूत्रांवरून गुंतवणूक करणारे फंड) आणि अल्गोरिदमवर चालणाऱ्या ट्रेडिंग कंपन्यांमध्ये एकूण टक्केवारीपेक्षा विशिष्ट विषयांकडे लक्ष असते. संभाव्यताशास्त्र, लिनियर अल्जिब्रा, संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग यांतले गुण अनुभवी उमेदवाराकडूनही मागितले जाऊ शकतात. पण तेथील लेखी आणि तोंडी चाचण्या इतक्या कठीण असतात की अंतिम निर्णय त्यांवरच होतो.

गुंतवणूक बँकेतून दुसऱ्या गुंतवणूक बँकेत जाताना गुण पहिल्या दोन वर्षांत विचारले जातात. ॲनालिस्टच्या वरच्या असोसिएट पदापासून पुढे विचारणा विरळ होते. इक्विटी रिसर्चमध्ये, म्हणजे शेअर्सच्या अभ्यासाच्या कामात, तुम्ही लिहिलेला अहवाल आणि त्यामागचे मॉडेल यांना जास्त किंमत असते. ट्रेडिंगमध्ये नफा-तोट्याचा इतिहास आणि वेल्थ मॅनेजमेंटमध्ये (श्रीमंतांच्या पैशाच्या व्यवस्थापनात) तुमच्यावर विश्वास ठेवणारे ग्राहक असले, की गुणपत्रिकेकडे कोणी वळत नाही. कंपन्यांच्या अंतर्गत वित्त विभागांत, म्हणजे बजेट, पुढील आकड्यांचे अंदाज, ट्रेझरी (रोख रकमेचे व्यवस्थापन) अशा कामांत, तसेच कर्जमूल्यांकन, जोखीम व्यवस्थापन आणि कंप्लायन्समध्ये (नियमपालनाच्या कामात) गुणांचा प्रभाव सर्वांत लवकर ओसरतो.

मध्यवर्ती बँका, नियामक संस्था आणि सार्वजनिक वित्तसंस्था यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे जाहिरातीतच किमान श्रेणी दिलेली असू शकते आणि ती अट असेल तर दहा वर्षांच्या अनुभवानेही ती आपोआप शिथिल होत नाही. अशा ठिकाणी जाहिरात शब्दशः वाचावी आणि शंका असल्यास अर्ज करण्यापूर्वी लेखी विचारणा करावी.

गुणांवरून कामातील यश खरोखर ओळखता येते का?

काही प्रमाणात येते आणि ते प्रमाण काळानुसार घटते. १९९६ साली फिलिप रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. पदवीनंतर लगेचच्या काळात गुण आणि कामगिरी यांचा संबंध जास्त दिसतो आणि वर्षे उलटतात तसा तो क्षीण होतो, असे त्यातून पुढे आले. २०१३ साली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लाझ्लो बॉक यांनी आपल्या कंपनीच्या आकडेवारीवरून असेच सांगितले होते, की नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेल्यांचा अपवाद सोडल्यास गुण निवडीच्या कामाचे नाहीत. ती तंत्रज्ञान कंपनी आहे हे खरे, पण त्यामागचा तर्क वित्तक्षेत्रालाही लागू पडतो.

दुसऱ्या बाजूने पाहिल्यास, निवडपद्धतींच्या संशोधनात सर्वांना सारखेच, आधी ठरवलेले प्रश्न विचारणारी मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणारी चाचणी या पद्धती वरच्या क्रमांकावर राहिल्या आहेत. १९९८ मधील श्मिट आणि हंटर यांच्या आढाव्यात कामाचा नमुना अग्रस्थानी होता, तर २०२२ मधील सॅकेट आणि सहकाऱ्यांच्या फेरविश्लेषणात मुलाखत पहिली आली. उमेदवाराने यातून घ्यायचे ते एवढेच, की तयारीचा वेळ गुणांची चिंता करण्यात घालवण्यापेक्षा या दोन गोष्टींवर घालवावा.

कंपन्या आता गुणांचा कट-ऑफ लावत नाहीत, असे ऐकतो. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स या संस्थेच्या सर्वेक्षणात नवपदवीधरांची छाननी गुणांवरून करणाऱ्या कंपन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के होते. २०२३ मध्ये ते ३७ टक्क्यांपर्यंत खाली आले. ब्रिटनमध्ये अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण कंपनीने २०१५ साली पदवीच्या श्रेणीची अट काढून टाकली आणि त्याच क्षेत्रातील पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये ‘अपर सेकंड’ (प्रथम श्रेणीच्या लगेच खालच्या) श्रेणीची अट मागे घेतली. मात्र हे सगळे बदल प्रामुख्याने नवपदवीधरांच्या भरतीबद्दल आहेत, आणि अट काढली म्हणजे गुण पाहणे बंद झाले असे होत नाही. एका जागेसाठी शेकडो अर्ज आले, की छाननी करणारा माणूस हाताशी असलेली कोणतीही चाळणी वापरतो. नोकरी बदलणाऱ्याचा फायदा असा, की तो त्या गर्दीच्या दारातून न जाता ओळखीच्या सहकाऱ्याच्या शिफारशीने थेट विभागप्रमुखापर्यंत पोहोचू शकतो. रेफरलने आलेला अर्ज वाचताना माणूस आधी काम पाहतो, आणि ही वाट फ्रेशरला सहसा उपलब्ध नसते.

रिझ्यूमेवर गुण लिहावेत की नाही?

गुण उत्तम असतील तर पहिली तीन-चार वर्षे लिहावेत. सामान्य असतील तर पहिल्या नोकरीचे एक-दीड वर्ष झाल्यावर काढून टाकण्यास हरकत नाही. फक्त पदवी, संस्था आणि वर्ष ठेवावे. अनुभवी उमेदवाराच्या रिझ्यूमेवर गुण नसणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र पहिल्याच वर्षी नोकरी बदलणाऱ्याने ते गाळले, तर वाचणारा ते कमी असावेत असे गृहीत धरतो. तेव्हा निदान प्रमुख विषयातले गुण चांगले असल्यास ते ‘प्रमुख विषय’ असे स्पष्ट लिहून द्यावेत.

गुण काढल्यामुळे रिकामी झालेली जागा कशाने भरता, हे जास्त महत्त्वाचे आहे. बहुतेक रिझ्यूमेंवर ‘मासिक अहवाल तयार करणे व वरिष्ठांना साहाय्य करणे’ अशी ओळ आढळते. ती वाचून काहीच कळत नाही. त्याच माणसाने त्याच कामाबद्दल असे लिहिले असते तर? ‘बारा कर्जदार कंपन्यांच्या खात्यांचा तिमाही आढावा घेतला, त्यांपैकी दोन कंपन्यांची येणी वसूल होण्यास लागणारे दिवस सतत वाढत असल्याचे हप्ता थकण्यापूर्वी निदर्शनास आणले, कर्जमर्यादा कमी करण्याची शिफारस समितीने मान्य केली.’ या ओळीत त्याने काय पाहिले, कधी पाहिले आणि त्यावर पुढे काय झाले, हे तिन्ही आहे. अशा तीन-चार ओळी असलेल्या रिझ्यूमेवर टक्केवारी शोधायला फारसे कोणी जात नाही.

गुण थोडे वाढवून लिहिले तर चालतात का?

नाही. ४ पैकी ३.४६ चे ३.५ असे एका दशांश स्थळापर्यंत केलेले रूपांतर काही जण ग्राह्य मानतात, परंतु कट-ऑफ नेमका ३.५ असेल तर त्याच रूपांतराला दिशाभूल म्हटले जाऊ शकते, म्हणून दोन दशांश स्थळे लिहिणेच सुरक्षित. ऑफर दिल्यानंतर होणाऱ्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पदवी आणि तिचे वर्ष जवळजवळ नेहमी तपासले जाते. गुण सरसकट तपासले जात नाहीत, पण कंपनीने गुणपत्रिका मागवली तर ते कळतात. वित्तक्षेत्र दुसऱ्याच्या पैशाच्या विश्वासावर चालते. येथे कमी गुणांकडे काणाडोळा होतो, पण खोट्या गुणांकडे होत नाही. मिळालेली ऑफर रद्द होते, रुजू झाल्यानंतर उघडकीस आले तर नोकरी जाते, आणि ज्या पदांना नियामकाकडे नोंदणी लागते तेथे त्याचे परिणाम पुढच्या नोकऱ्यांपर्यंत पोहोचू शकतात.

मुलाखतीत ‘तुमचे गुण एवढे कमी का?’ असे विचारले तर काय सांगावे?

खरे कारण, दोन-तीन वाक्यांत. घरची जबाबदारी, आजारपण, अर्धवेळ नोकरी, चुकीची शाखा निवडणे, किंवा त्या वयात अभ्यास गांभीर्याने न घेणे, यांपैकी जे असेल ते सांगावे आणि लगेच त्यानंतर काय बदलले ते सांगावे. उदाहरणार्थ, ‘पहिल्या दोन वर्षांत मी अभ्यासाकडे पुरेसे लक्ष दिले नाही; शेवटच्या वर्षी वित्त विषयांत माझे गुण वाढले आणि नोकरीत आल्यापासून मी हे-हे काम स्वतंत्रपणे सांभाळले आहे.’ प्राध्यापक, परीक्षापद्धती किंवा कॉलेज यांना दोष देणारे उत्तर ऐकणाऱ्याला नको ते सांगून जाते. आपला आकडा चुकला तेव्हाही हा माणूस असाच दुसऱ्याकडे बोट दाखवील, अशी शंका येते. बहुतेक वेळा या प्रश्नातून उमेदवाराचा तोल पाहायचा असतो. लांबलचक स्पष्टीकरण देणारा उमेदवार स्वतःच त्या विषयाला नसलेले वजन देऊन बसतो.

प्रत्यक्ष कामाच्या चाचणीत काय पाहतात?

एका नेहमीच्या चाचणीचे उदाहरण घेऊ. उमेदवाराला एका कंपनीचा वार्षिक अहवाल आणि कोरी एक्सेल शीट देतात आणि दोन-तीन तासांत नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोखप्रवाह पत्रक एकमेकांना जोडलेले मॉडेल बांधायला सांगतात. शेवटी ताळेबंद जुळत नाही, असे अनेकांचे होते. काही जण फरकाची रक्कम ‘इतर मालमत्ता’ या ओळीत टाकून मोकळे होतात. दुसरा एखादा फरकाच्या रकमेकडेच नीट पाहतो, ती बरोबर घसाऱ्याएवढी (मालमत्तेच्या झिजेपोटी कागदोपत्री धरलेल्या, रोख न जाणाऱ्या खर्चाएवढी) आहे हे त्याच्या ध्यानात येते, आणि घसारा नफ्यातून वजा केला पण रोखप्रवाहात परत मिळवायचा राहिला ही चूक त्याला सापडते. मॉडेल अपुरे राहिले तरी दुसऱ्या माणसाला पुढच्या फेरीला बोलावले जाते. पदवी परीक्षेत दोघांना किती टक्के होते याचा येथे संबंधच येत नाही. कमी गुण असलेल्यांनी अशा चाचण्यांचा आग्रहाने सराव करावा, कारण सर्वांना सारखा कागद मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे.

सीएफए, एफआरएम यांसारख्या परीक्षांनी कमी गुण भरून निघतात का?

बऱ्याच अंशी निघतात. कमी गुण पाहून मनात येणारा प्रश्न ‘हा माणूस कठीण विषयाचा नेटाने अभ्यास करू शकेल का?’ असा असतो आणि या परीक्षा नेमके त्याचेच उत्तर देतात. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तीन पातळ्या आहेत आणि सनद मिळण्यासाठी किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. पहिल्याच पातळीवर मोठी गळती होते. मे २०२१ मध्ये तेथे केवळ २५ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले होते. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याचे कॉलेजचे गुण कोणी उगाळत बसत नाही. एफआरएम या जोखीम व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाच्या दोन परीक्षा असून प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो. जोखीम विभागात त्याचा विशेष उपयोग होतो.

यातली मर्यादाही लक्षात घ्यावी. सीएफए हे गुंतवणूक व्यवस्थापन आणि रिसर्चमध्ये जेवढे मोलाचे आहे तेवढे गुंतवणूक बँकिंगमध्ये नाही, आणि प्रायव्हेट इक्विटीच्या हेडहंटरच्या फॉर्ममधील सीजीपीएचा रकाना त्याने भरत नाही. केवळ गुणांचा डाग पुसण्यासाठी तीन वर्षे देण्याआधी, ज्या पदावर जायचे आहे तेथे आज काम करणाऱ्यांपैकी किती जणांकडे ती सनद आहे हे पाहावे.

एमबीए करायचे असेल तर जुने गुण पुन्हा आडवे येतात का?

येतात. नोकरीच्या बाजारात विसरले गेलेले गुण प्रवेशप्रक्रियेत पुन्हा टेबलावर येतात, कारण बिझनेस स्कूल संपूर्ण गुणपत्रिका मागते आणि आपल्या तुकडीची सरासरी अनेकदा जाहीरही करते. तेथे जीमॅट किंवा जीआरई या प्रवेशपरीक्षेचा चांगला स्कोअर उपयोगी पडतो. दोन्हींचे निकाल पाच वर्षे ग्राह्य धरले जातात. गणित किंवा संख्याशास्त्रात कमी गुण असतील तर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेतून तोच विषय पुन्हा घेऊन उत्तम श्रेणी मिळवावी. अर्जातील ऐच्छिक निबंधात गुणांचे कारण थोडक्यात मांडावे. एकदा चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला की पुढील भरतीत पदवीचे गुण बऱ्यापैकी मागे पडतात, आणि गुणांची पाटी कोरी करण्याचा हा महागडा, पण खात्रीचा मार्ग आहे.

वेगवेगळ्या विद्यापीठांचे गुण एकमेकांशी कसे ताडून पाहतात?

नीट ताडून पाहता येतच नाहीत, आणि अनुभवी निवडकर्त्यांना हे ठाऊक असते. अमेरिकेत ४ पैकी सीजीपीए असतो. ब्रिटनमध्ये साधारण ७० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, तर इतर अनेक ठिकाणी ७० टक्के हा सामान्य आकडा ठरतो. एकाच देशातही फरक आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ ते २०१४ या काळात ‘ए’ श्रेणी साधारण ३५ टक्क्यांपुरती मर्यादित ठेवण्याचे धोरण राबवले, आणि २०१३ मध्ये हार्वर्डच्या पदवी अभ्यासक्रमात सर्वाधिक वेळा दिली जाणारी श्रेणी ‘ए’ असल्याचे तेथील अधिष्ठात्यांनी सांगितले. दुसऱ्या देशात अर्ज करताना आपल्या गुणांचे स्वतःच रूपांतर करू नये. मूळ पद्धतीतील आकडा लिहून शक्य असल्यास वर्गातील क्रमांक द्यावा. ‘१२० पैकी नववा’ हे कोणालाही समजते.

कॉलेज फारसे नावाजलेले नाही आणि गुणही कमी आहेत. मग?

अशांना मी सर्वांत आधी सध्याच्याच कंपनीत बदली मागण्याचा सल्ला देईन. बँकेच्या ऑपरेशन्समधून कर्जमूल्यांकनात, ऑडिटमधून व्यवहार सल्ला विभागात, अशा अंतर्गत बदल्यांत तुम्हाला रोज काम करताना पाहिलेली माणसे निर्णय घेतात आणि गुणपत्रिका कोणी उघडत नाही. तेथे दीड-दोन वर्षे काढल्यावर बाहेर अर्ज करताना नवे पद हीच तुमची ओळख असते. या मार्गाला वेळ लागतो आणि काही काळ पगार फारसा वाढत नाही, तरीही बाहेरून शंभर अर्ज पाठवून उत्तराची वाट पाहण्यापेक्षा तो कितीतरी खात्रीचा आहे. लक्ष्य असलेल्या विभागाच्या एखाद्या कामात आधीच मदत करत राहिले, तर जागा रिकामी होते तेव्हा नाव सुचवणारा कोणीतरी तेथे असतो.

गुण उत्तम आहेत; त्याचा फायदा किती काळ मिळतो?

पहिल्या दोन नोकऱ्यांपर्यंत चांगला मिळतो. चौथ्या-पाचव्या वर्षानंतर सुवर्णपदक किंवा विद्यापीठातील क्रमांक एवढाच उल्लेख ठेवावा, टक्केवारी काढून टाकावी. आठ वर्षांच्या अनुभवानंतरही रिझ्यूमेच्या सुरुवातीला गुण असतील, तर मधल्या काळात सांगण्यासारखे काही झाले नाही असा वाचणाऱ्याचा समज होतो.

एखाद्या विषयात नापास झालो होतो. तो विषय वित्त किंवा अकाउंटिंगचा असेल तर?

पूर्ण गुणपत्रिका मागितली नाही तर तो दिसतच नाही आणि आपणहून सांगण्याची गरज नाही. मागितली, तर त्या विषयावर प्रश्न येणार हे धरून चालावे आणि तो विषय आज नीट येतो एवढी तयारी ठेवावी. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये नापास झालेल्या उमेदवाराने स्थिर आणि बदलत्या खर्चाचा फरक आपल्याच कंपनीच्या एखाद्या उत्पादनावरून समजावून दिला, तर जुन्या निकालाचा विषय तेथेच संपतो.

मूळ गुणपत्रिका आता जवळ नाही. नोकरी बदलण्यापूर्वी ती मागवावी का?

हो, आणि ऑफर मिळण्याची वाट न पाहता. पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिका मागवून त्यांच्या स्कॅन प्रती जपून ठेवाव्यात. विद्यापीठांकडून प्रती येण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, आणि व्हेरिफिकेशन अडल्यामुळे रुजू होण्याची तारीख पुढे गेली तर नोटीस पिरियड संपलेला असताना हाती पगार नसतो. रिझ्यूमेवरील वर्षे आणि श्रेणी या कागदांशी तंतोतंत जुळतात ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.